ब्लॉकवरची तारीख

चढावर ट्रकच्या मागे निळसर धूर रेंगाळू लागला, तेव्हा पहिले काही महिने मी आरशात पाहायचेच टाळत असे. सुरुवातीला हा धूर फक्त सकाळी, इंजिन सुरू केल्यावर एकदाच भसकन निघायचा आणि विरून जायचा. पुढे लांब उतार संपवून ॲक्सिलरेटरवर पाय ठेवला की तो दिसू लागला आणि शेवटी चढणीवर, भार असताना, थांबेनासाच झाला. धुराचा हा क्रम जाणकारांना ओळखीचा असतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीतून सकाळी किंवा उतार संपल्यावर धूर येतो, तेव्हा ऑईल बहुधा व्हॉल्व्हच्या गाइडमधून खाली झिरपत असते. भार असताना सतत धूर येतो, तेव्हा पिस्टनच्या रिंगांनी हात टेकलेले असतात. माझ्या इंजिनाने हे दोन्ही टप्पे ओलांडले होते, आणि दर पाचशे किलोमीटरला लिटरभर ऑईल ते खाऊ लागले होते.

त्यातच एके दिवशी ठोका सुरू झाला. सपाट रस्त्यावर, हलक्या पायाने, साधारण पन्नासच्या वेगात इंजिनाच्या तळातून टकटक असा आवाज येई. पाय दाबला की तो बदले आणि सोडला की पुन्हा स्पष्ट होई. धुराकडे दुर्लक्ष करता येते, ठोक्याकडे येत नाही. ट्रक उभा केला आणि ज्या प्रश्नाला बरीच वर्षे बगल दिली होती तो समोर घेतला : हे इंजिन खोलून पुन्हा बांधायचे, की काढून त्याच्या जागी दुसरे बसवायचे?

ट्रक १९५१ चा, शेव्हर्लेचा अर्ध्या टनाचा पिकअप. त्याच्या पोटात एका रांगेत सहा सिलिंडर असलेले २१६ घन इंचांचे, म्हणजे सुमारे साडेतीन लिटरचे इंजिन होते. बाहेरून ते साधे, जवळजवळ शेतीच्या अवजारासारखे दिसते. आतली ऑईलची व्यवस्था मात्र इतकी वेगळी आहे की ती समजून घेतल्याशिवाय या प्रश्नाचे उत्तर देताच येत नाही. आजच्या इंजिनात क्रँकशाफ्टमध्ये, म्हणजे पिस्टनांच्या वर-खाली हालचालीने फिरणाऱ्या दांड्यात, छिद्रे पाडलेली असतात आणि पंप त्यातून पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या प्रत्येक कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगपर्यंत दाबाने ऑईल पोहोचवतो. २१६ मध्ये रॉडपर्यंत असा रस्ताच नाही. प्रत्येक रॉडच्या तळाशी चमच्यासारखा एक डिपर असतो आणि तो प्रत्येक फेरीत खालच्या पन्हळीतले ऑईल उचलतो. वेग वाढला की नोझलमधून सुटणारी ऑईलची धार येणाऱ्या डिपरच्या तोंडात पडते. ही धार नेमकी तिथेच पडते का, हे तपासायला त्या काळी खास गेज वापरत असत. रॉडमध्ये बदलता येण्याजोगे शेल बेअरिंगही नाही. रॉडच्या पोटातच व्हाइट मेटल ओतलेले असते आणि ते घासून मापात आणलेले असते. आयझॅक बॅबिट यांनी १८३९ मध्ये ज्या मिश्रधातूचे पेटंट घेतले त्याचाच हा वंश : कथिल, अँटिमनी आणि तांबे. धातू इतका मऊ की ऑईलमधला कण क्रँकला ओरखडा न पाडता त्याच्या अंगात रुतून बसतो.

या रचनेमुळे डॅशबोर्डवरचे ऑईलचे मीटर नव्या माणसाची झोप उडवते. गाडी उत्तम चालत असतानाही काटा दर चौरस इंचाला चौदा-पंधरा पौंडांच्या वर जात नाही आणि गरम इंजिन संथ फिरत असताना तो जवळजवळ आडवा होतो. पूर्ण दाबाच्या इंजिनाला हजार फेऱ्यांमागे दहा पौंड दाब हवा असा एक ढोबळ ठोकताळा आहे; तो इथे लावला तर चांगले इंजिनही भंगारात जाईल. मला स्वतःला हे कळायला दोन वर्षे लागली, आणि त्या दोन वर्षांत मी एक धडधाकट ऑईल पंप उगाच बदलला. दुखणे म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, हे जुन्या इंजिनांच्या बाबतीत फार सहज घडते.

म्हणून या वेळी कोणाचेही मत घेण्याआधी मोजमाप करायचे ठरवले. माझ्या इंजिनाची सर्व कामे करणारे मिस्त्री वयाने सत्तरीच्या पुढचे आहेत. मी फोनवर लक्षणे सांगायला लागलो तेव्हा ते म्हणाले, “आवाज ऐकून सांगणारे पुष्कळ भेटतील तुम्हाला. आधी मोजू, मग बोलू.” इंजिन गरम करून सर्व प्लग काढले, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवला आणि प्रत्येक सिलिंडरला गेज लावून सहा-सहा धक्के दिले. आकडे आले ते असे : ९४, ९६, ६२, ६०, ८१ आणि ९२ पौंड. नंतर कमी भरलेल्या तीन सिलिंडरांत चमचाभर ऑईल टाकून तीच चाचणी पुन्हा केली. तिसऱ्या आणि चौथ्याचा आकडा जागचा हलला नाही, पाचव्याचा मात्र ९८ वर गेला. ऑईलने आकडा वाढला तर गळती रिंगांतून आहे, कारण ऑईल तेवढ्यापुरती ती फट बुजवते. वाढला नाही तर गळती वरच्या बाजूने, व्हॉल्व्हमधून किंवा हेडखालच्या, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाखालच्या, गॅस्केटमधून आहे. आणि शेजारशेजारचे दोनच सिलिंडर सारखेच पडले असतील तर पहिला संशय त्यांच्यामधल्या गॅस्केटच्या पट्टीवर घ्यायचा. मग इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची वायर काढत गेलो. पाचव्याची काढताच ठोका मंदावला. भार गेला की आवाज दबतो, तेव्हा दोष त्याच रॉडच्या बेअरिंगमध्ये असतो.

एवढ्या चाचण्यांना एक दुपार पुरली, आणि “इंजिन गेले” या एका वाक्याची तीन वेगवेगळी वाक्ये झाली : गॅस्केट फुटले आहे, पाचव्याच्या रिंगा झिजल्या आहेत, पाचव्या रॉडचे बेअरिंग सुटले आहे. ठोका नसता तर मी गॅस्केट बदलून आणि व्हॉल्व्हचे काम करून आणखी काही वर्षे काढली असती, आणि त्यात काही चूकही नव्हती. झिजलेले इंजिन हे संपलेले इंजिन नसते. ते किती झिजले आहे आणि कुठे झिजले आहे, हे कळेपर्यंत त्याला मोडीत काढणे आणि त्याच्यावर हौसेने खर्च करणे, या दोन्ही गोष्टी सारख्याच अविचाराच्या आहेत.

ठोका असल्यामुळे मात्र इंजिनाच्या तळाचा ऑईलचा चेंबर उतरवावा लागला. तळाशी बोटभर जाडीचा काळा गाळ होता आणि पाचव्या पन्हळीत त्या गाळावर अभ्रकासारखे चकचकणारे करडे कण पसरले होते. ते व्हाइट मेटल होते. पाचव्या रॉडची टोपी सोडवून उजेडात धरली तेव्हा आतल्या धातूला भेगा गेलेल्या दिसल्या, आणि एका कडेचा नखाएवढा तुकडा निघालेला होता. २१६ ची एक चांगली सोय अशी की रॉड आणि टोपी यांच्या मध्ये दोन्ही बाजूंना कागदासारख्या पातळ शिम असतात. बेअरिंग झिजले की एखादी शिम काढून फट पुन्हा मापात आणता येते. बाकीच्या पाचही रॉडमध्ये थोड्याफार शिम शिल्लक होत्या. पाचव्यात एकही नव्हती, आणि टोपीच्या दोन्ही बसक्या पृष्ठभागांवर कानशीचे तिरपे ओरखडे होते. कधीतरी कोणीतरी शिम संपल्यावर टोपीच घासून बेअरिंग घट्ट केले होते. असे केले की भोक गोल राहत नाही, आणि त्याबरोबर क्रँकही गोल राहत नाही. मायक्रोमीटर लावला तेव्हा पाचव्याचे जर्नल, म्हणजे क्रँकचा रॉड ज्यावर बसतो तो गोल भाग, तीन थाऊ, म्हणजे इंचाच्या तीन हजारांशांनी लंबगोल भरले.

इंजिन उतरवले, हेड काढले. सिलिंडरच्या वरच्या कडेखाली नख फिरवले की एक पायरी लागते. वरची रिंग जिथे दिशा बदलते तिथे ऑईल सर्वांत कमी आणि उष्णता सर्वांत जास्त असते, म्हणून भिंत तिथेच सर्वाधिक झिजते आणि त्याच्या वर न झिजलेल्या लोखंडाची कड उरते. पाचव्या सिलिंडरमध्ये वर आणि खाली यांच्यात नऊ थाऊंचा फरक होता. नुसत्या रिंगा घालून भागण्याची हद्द तिथे संपली होती. रीबोअर, म्हणजे सिलिंडर कापून मोठे करून त्यात मोठे पिस्टन घालणे, अटळ होते.

पिस्टनच्या डोक्यावरचा कार्बन मी रॉकेलात भिजवलेल्या फडक्याने आणि पितळी पट्टीने हळूहळू खरवडत होतो. सत्तर वर्षांचा कार्बन हा, अशाच समजुतीत. तिसऱ्या पिस्टनवर काळ्या थराखालून आधी एक शून्य दिसले, मग तीन, मग आणखी एक शून्य. ०३०. म्हणजे हे पिस्टन मूळ मापापेक्षा तीस थाऊंनी मोठे होते आणि हे इंजिन एकदा रीबोअर झालेले होते. मी तसाच उठून ब्लॉकच्या, म्हणजे सिलिंडर ज्यात कोरलेले असतात त्या ओतीव लोखंडाच्या, बाजूला गेलो आणि ओतकामाची तारीख शोधून पुसून काढली. या ब्लॉकवर महिना इंग्रजी अक्षरात, मग दिवस आणि मग वर्षाचा केवळ शेवटचा आकडा असतो. तिथे होते : बी ९ ३. नऊ फेब्रुवारी, आणि वर्ष १९५३ किंवा १९४३. यातले कोणतेही धरले तरी हा ब्लॉक १९५१ च्या ट्रकमध्ये बसून कारखान्यातून बाहेर पडलेला नव्हता.

मी बराच वेळ तिथेच उभा राहिलो. गेली एकोणीस वर्षे “मूळ इंजिन” म्हणून ज्याला जपले, ते मूळ नव्हते. हा ट्रक ज्याच्याकडे माझ्याआधी होता त्याने, किंवा त्याच्याही आधीच्या कोणीतरी, हाच प्रश्न समोर घेतला होता आणि एकदा नव्हे, निदान दोनदा त्याचे उत्तर दिले होते : एकदा इंजिन बदलून, एकदा ते बांधून. तिसऱ्या कोणाच्या हाताने ती टोपी कानशीने घासली होती. त्या माणसाचा मला आधी राग आला होता, तो गेला. त्याला कदाचित दुसऱ्या दिवशी माल पोहोचवायचा असेल आणि रॉड भरून मिळायला महिना लागणार असेल.

मूळपणाचे ओझे असे उतरले, तरी निर्णय सोपा झाला नाही. उलट आता तो केवळ धातूच्या आणि वापराच्या आधारावरच घ्यावा लागणार होता. इंजिन पुन्हा बांधणे म्हणजे काय होते, हे नीट पाहिले पाहिजे. पिस्टन, रिंगा, बेअरिंग, व्हॉल्व्ह, गाइड, गॅस्केट, सील, टायमिंग गिअर हे सगळे नवे येते. क्रँक घासून लहान होतो आणि सिलिंडर कापून मोठा होतो. जुने म्हणून जे शिल्लक राहते ते ब्लॉक, हेड आणि क्रँक यांचे ओतीव किंवा घडीव लोखंड. तेव्हा “बांधायचे की बदलायचे” या प्रश्नाचा खरा अर्थ “कोणत्या लोखंडापासून सुरुवात करायची” एवढाच उरतो.

आधुनिक व्ही-८ बसवण्याचा सल्ला देणारे मित्र मनापासून सांगत होते, आणि शेव्हर्लेच्याच ३५० घन इंचांच्या इंजिनाची नावनिशी सगळ्यांना पाठ असते. पण या ट्रकचा प्रॉपेलर शाफ्ट एका बंद नळीत आहे आणि ती नळी मागच्या ॲक्सलचाच भाग आहे. नवे इंजिन म्हणजे नवा गिअरबॉक्स, गिअरबॉक्स बदलला की उघडा शाफ्ट, त्यासाठी मागचा ॲक्सल, सहा व्होल्टचे वायरिंग बदलून बारा व्होल्टचे, मोठा रेडिएटर, आणि एवढा वेग आला की तो आवरायला नवे ब्रेक. नाल सापडली म्हणून घोडा विकत घ्यावा तशातली ही गोष्ट. ज्याला हमरस्त्यावर शंभरच्या वेगाने रोज जायचे आहे त्याने ती जरूर करावी. मी साठ-पासष्टच्या वर जात नाही.

मिस्त्रींनी २१६ चा पूर्ण हिशेब मांडला. तीसवरून साठ थाऊंपर्यंत बोअर करता आले असते, पण अल्ट्रासॉनिक गेजने भिंत मोजल्यावर त्यापुढे कापायला जागा नाही हे दिसत होते. पुढच्या वेळी सहाही सिलिंडरना स्लीव्ह, म्हणजे आतून बसवायच्या नव्या नळ्या, लागले असते. क्रँक वीस थाऊ घासायचा. सहाही रॉड नव्याने व्हाइट मेटलने भरायचे. “भरणार कोण?” असे मी विचारले, तेव्हा ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, “या वेळी मी भरतो. साचा आहे माझ्याकडे, हातही अजून थरथरत नाही. पण हे काम माझ्यानंतर इथे कोणी शिकलेले नाही. पुढच्या वेळी तुम्ही हे रॉड घेऊन कुठे जाणार?”

या प्रश्नाचा मी विचारच केलेला नव्हता. तोवर मी चांगले-वाईट, मजबूत-कमजोर, अस्सल-बदललेले याच जोड्यांत अडकलो होतो. इंजिन पुन्हा झिजणार हे तर ठरलेलेच आहे. त्या वेळी ते ज्याच्या हातात असेल त्याला साध्या पान्यांनी आणि विकत मिळणाऱ्या सुट्या भागांनी ते उघडता येईल का, हे मला त्या दुपारनंतर इतर सर्व गोष्टींहून महत्त्वाचे वाटू लागले.

त्याच घराण्यातले २३५ घन इंचांचे इंजिन या ट्रकमध्ये जवळजवळ जागच्या जागी बसते. इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या बेल हाउसिंगचे बोल्ट तेच, त्यामुळे गिअरबॉक्स आणि बंद शाफ्ट यांना हात लावावा लागत नाही. मात्र नुसते “२३५ आहे” एवढ्यावर विसंबून चालत नाही. सुरुवातीच्या २३५ मध्येही डिपरच होते. मोटारींपैकी पॉवरग्लाइड या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या गाड्यांना १९५३ मध्ये आणि ट्रकना १९५४ मध्ये पूर्ण दाबाचे ऑईल आणि शेल बेअरिंग मिळाले. १९५५ मध्ये शेव्हर्लेचे ट्रक बारा व्होल्टवर गेले, तेव्हा फ्लायव्हीलचे दातेही १३९ चे १६८ झाले, म्हणून नंतरचे इंजिन घेतले तर माझा सहा व्होल्टचा स्टार्टर त्याला लागणार नाही. त्या नंतरच्या इंजिनांवर पाण्याचा पंपही असा बसतो की पंखा रेडिएटरला भिडतो आणि जुना पंप लावायला मध्ये एक प्लेट घालावी लागते. शोधताना मला १९५४ च्या एका मोडीत निघालेल्या ट्रकचे इंजिन मिळाले. विकणारा “चालू होते” असे सांगत होता. मी ते शब्द विश्वासाने ऐकले आणि तरीही चेंबर उतरवून पाहिला, कारण दुसऱ्याचे न उघडलेले इंजिन जसेच्या तसे बसवणे म्हणजे आगीतून फुफाट्यात उडी घेणे. बोअर मूळ मापाचे होते, चार थाऊ झिजलेले. चुंबकीय तपासणीत ब्लॉक आणि हेड दोन्ही बिनतड्याचे निघाले.

त्यानंतरचे काम हे कोणत्याही नीट केलेल्या इंजिनाचे काम होते. पिस्टन हातात आल्यावरच बोअर करायला दिले. पिस्टनाच्या प्रत्यक्ष मापाला बोअर जुळवायचे असते, डब्यावरच्या आकड्याला नव्हे. ऑईलच्या सर्व वाटांची बुचे काढून आत ब्रश फिरवला. एक्झॉस्टच्या व्हॉल्व्हखाली कठीण धातूच्या सीट बसवल्या. १९२३ पासून पेट्रोलमध्ये जे शिसे घालत असत त्याचा पातळ थर मऊ लोखंडी सीटला झिजण्यापासून वाचवत असे. ते शिसे आता जगात कुठल्याच पंपावर मिळत नाही, २०२१ मध्ये त्याची शेवटची विक्री थांबली, आणि हे चांगलेच झाले. संथ चालणाऱ्या इंजिनाला या सीट अगदी आवश्यक असतातच असे नाही, पण हेड उघडे असताना ते काम थोडक्यात होते. बेअरिंगच्या टोप्या घट्ट करताना प्रत्येकाखाली मऊ प्लॅस्टिकची बारीक तार ठेवली, टोपी पुन्हा उघडली आणि तार किती चपटी झाली ते पट्टीवर मोजले. दीड थाऊ, सहाही ठिकाणी. मिस्त्री तेव्हा शेजारच्या स्टुलावर बसून पाहत होते. त्यांनी प्रत्येक आकडा माझ्याकडून मोठ्याने म्हणवून घेतला.

इंजिन सुरू झाले त्या दिवशी ऑईलच्या मीटरचा काटा एका झेपेत तीसवर गेला आणि तिथेच टेकून राहिला. मीटर जुन्या इंजिनाचे होते, त्याचे आकडेच तीसला संपत होते. दोन दिवसांनी साठपर्यंतचे मीटर बसवले, आणि गरम इंजिनावर तो काटा चाळिशीच्या जवळ दिसू लागला. पहिले आठशे किलोमीटर वेग सतत कमी-जास्त ठेवत चालवले, कारण रिंगा भिंतीला बसतात त्या चढत्या-उतरत्या भारानेच. मग ऑईल बदलून जुने एका पांढऱ्या थाळीत ओतून उन्हात पाहिले. थोडी करडी झाक होती, एवढी असतेच.

२१६ मी टाकलेले नाही. ते धुऊन, सिलिंडरमध्ये ऑईल घालून, सर्व तोंडे बंद करून ट्रक उभा असतो त्याच्या मागच्या भिंतीशी लाकडी चौकटीवर ठेवले आहे. त्याच्या हेडला तारेने एक पाकीट बांधले आहे. त्यातल्या कागदावर सहाही सिलिंडरची वरची आणि खालची मापे, क्रँकच्या जर्नलची मापे, भिंतीची जाडी, कोणत्या रॉडखाली किती शिम आहेत आणि पाचव्याची टोपी घासलेली आहे, हे लिहिले आहे. तसाच दुसरा कागद २३५ चा. तो ट्रकच्या कागदपत्रांबरोबर कप्प्यात असतो. त्यात मापांखाली तारीख आहे, आणि त्याखाली ती मापे कोणी घेतली, त्या दोघांची नावे.